वल्हांडणाचा भात

बुलावायो

प्रिय मेंडेल,

तू गेल्यानंतरचा हा पहिला वल्हांडण. तुमच्या लिथुआनियाच्या ज्यूंच्या रीतीपायी या सणात मी चाळीस वर्षं भात सोडला होता. यंदा शिजवला.

तुझी बहीण फ्रीडा म्हणाली, "वहिनी, दादाला वर्षसुद्धा झालं नाही, आणि लगेच भात?"

"आमच्या ऱ्होड्स बेटाकडच्या ज्यू घरांत वल्हांडणाला भात असतोच. तू नको खाऊस."

मग सणाच्या जेवणात एलियाहू संदेष्ट्याने घरात यावं म्हणून दार उघडायची वेळ झाली. ही तुमची रीत. दरवर्षी तूच उठायचास. मी उठले. दार उघडलं, आणि पायपुसण्यावर बूट पुसल्याचा आवाज आला, अगदी तुझ्यासारखा सावकाश. फ्रीडाने माझा हात घट्ट धरला. आत मात्र कोणी आलं नाही.

पुढच्या वर्षीही भात असेल. तुझ्यापुरते बटाटे उकडीन. उंबऱ्याबाहेर थांबू नकोस.

तुझी,
जोया