पिवळ्या खुणेचे दोन उंदीर

गौलीगुडा, हैदराबाद
१४ नोव्हेंबर २०२४

रसिकाताईंना लक्ष्मणरावाचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. माझे गुडघे धरलेत, साखर थोडी वाढली आहे, ते चालायचंच. पुण्यात थंडी पडली का? कॉलेजात शिकवताना घसा सांभाळा. दिवाळीला तुमचा फोन आला तेव्हा ऐकू येत नाही म्हणालो. ताई, चांगलं ऐकू येत होतं.

तुम्ही म्हणालात, "त्या लॅबमध्ये तुम्ही एकटेच माझ्याशी नीट वागलात." तेव्हापासून जेवण जात नाही.

सात वर्षं झाली. उंदरांना मलेरिया देऊन त्यांच्या तांबड्या पेशी किती फुटतात आणि औषधाने किती वाचतात, ते तुम्ही मोजत होता. पिंजरे माझ्याकडे. एका रविवारी माझी ड्युटी असून मी भाचीच्या लग्नाच्या खरेदीला बेगम बाजारात गेलो. औषध दिलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यातली पाण्याची बाटली भरली नाही. सोमवारी दोन उंदीर मेलेले. मी घाबरलो. शेजारच्या, मलेरिया न दिलेल्या पिंजऱ्यातून दोन धडधाकट काढले, पाठीवर तशाच पिवळ्या खुणा केल्या आणि आत सोडले.

मंगळवारी तुम्ही त्यांच्या शेपटीचं रक्त काचेवर घेतलंत आणि ओरडलात, "लक्ष्मणराव, इकडे या, पेशी बघा!" सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला मायक्रोस्कोपात बघायला बोलावणाऱ्या तुम्ही पहिल्याच. गोल गोल, गुलाबी, एकही फुटलेली नाही. मी म्हणालो, "छान आहेत, ताई."

पुढे पुन्हा कधी तसा निकाल आला नाही. लॅबचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, आकडे घरी बसून लिहिलेत. तुम्ही पिंजऱ्यांच्या खोलीत येऊन रडलात आणि महिन्याभरात सोडून गेलात. मी गप्प राहिलो. माझ्या मुलाला, युवराजला तेव्हाच तिथे नोकरीला लावायचं चाललं होतं.

आज तो त्याच साहेबांच्या हाताखाली आहे. म्हणतो, "नाना, कायकू उकरता? त्यांचं बस्तान बसलं की तिकडं." बसलं का, ताई?

सोमवारी मी स्वतः जाऊन साहेबांना सगळं लिहून दिलं. वाचून त्यांनी खाली सही केली. मग विचारलं, "तिला कळवलंत?" "आता कळवतो," म्हणालो. युवराज त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

नक्कल सोबत आहे, खाली साहेबांची पोचेची सही आहे. तुम्हाला ज्यांनी खोटं म्हटलं त्या प्रत्येकाला दाखवा. माफी मागायलाच बसलो होतो, पण ते तोंड माझ्याकडे नाही.

तुमचं नाव बुडवणारा,
लक्ष्मणराव