शिफारस

फोर्ट मॅकमरे, कॅम्प नंबर तीन
१४ मार्च

मोइरा,

तू बरी असशील असं लिहायची रीत आहे, पण तू बरी नाहीस ते रविवारी फोनवर कळलं. मी ठीक. बाहेर उणे एकतीस आहे, डिझेल गोठतंय, माझं डोकं तेवढं तापलेलं.

नऊ वर्षं! नऊ वर्षं त्या विद्यापीठात चार-चार महिन्यांच्या करारावर शिकवलंस. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा तू उभी केलीस. आणि कायमची जागा निघाली तर साधं मुलाखतीला बोलावलं नाही? वर त्या नव्या माणसाला कुठली बाटली कुठल्या कपाटात ते तूच दाखवायचं! आणि तू म्हणतेस, "असू दे लिअम, त्यांचेही काही नियम असतील." आई अशीच होती. मासळीच्या कारखान्यातून काढलं, तर मुकादमाचे आभार मानून आली.

इथं तेलाच्या खाणीवर तसं नाही. इथं घरच्या कुणीतरी मुकादमाच्या कानावर घालायचं, "आमचा पोरगा कामसू आहे, घ्या." डेनिसकाकानं फोन केला म्हणून नववी नापास मी आज क्रेनवर बसतो. ज्याच्यासाठी शब्द टाकायला कुणी नाही, त्याच्यातच खोट असणार असं समजतात.

तर मी... तू विचारलंस ना, कारण काय असेल?

जानेवारीत मी तुमच्या विभागप्रमुखाला फोन केला. व्हिटकोंबला. म्हटलं, "साहेब, मोइरा पाइकचा भाऊ बोलतोय. तिच्यासारखी बाई मिळायची नाही." तो म्हणाला, "हे निवड समिती बघते." मी म्हटलं, "नऊ वर्षं राबवून घेतलंत, आता कायम करा. नाहीतर मीच येतो तिकडं." येतो म्हणजे समोर बसून बोलायला गं, मारायला नाही! त्यानं माझं नाव विचारून घेतलं. मग म्हणाला, "तुमचा फोन मला समितीपुढे ठेवावा लागेल."

मला वाटलं, वा, आता सगळ्यांच्याच कानावर जाणार! मी त्याचे आभार मानले, मोइरा. कँटीनमध्ये डोनट वाटले.

परवा इथल्या ऑफिसातल्या ग्रेटाला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, ती धमकी झाली! तिचा अर्ज त्याच दिवशी बाजूला पडला असणार."

त्या व्हिटकोंबला तुला एका शब्दानं विचारता आलं नाही, की हा फोन तू करवलास का? समोरासमोर भेटला तर सोडणार नाही... बघ, पुन्हा तेच. माझ्या तोंडाला कुलूपच हवं. इतका राग मला त्याचाही आला नाही, जितका माझा आलाय.

निवडीविरुद्ध तक्रारीची मुदत २८ तारखेपर्यंत आहे म्हणालीस. हे पत्र घेऊन तुमच्या प्राध्यापक संघटनेच्या माणसाकडे जा. फोनवर सांगितलं असतं तर मला सांभाळायला तू गप्प बसली असतीस, म्हणून कागदावर लिहिलं. व्हिटकोंबबद्दलची ओळ खोडत नाही, मी कसा आहे ते त्यांनाही कळू दे. नंतर माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

पुढचं संघटनेसाठी.

मोइरा पाइकला या फोनची काहीही कल्पना नव्हती. तिनं आयुष्यात कुणाकडे शब्द टाकलेला नाही. तिला न विचारता जो बोलला तो मी.

लिअम पाइक,
तिचा भाऊ