धोक्याचा बावटा

धाकट्या,

हवेचा दाब मोजायची पाऱ्याची नळी, वाऱ्याची फिरकी, बंदरावरची बावट्याची काठी, सगळं माझ्या ताब्यात आहे. काल धोक्याचा बावटा चढवला, तेव्हापासून पारा उतरतोच आहे. आत्ताच पुन्हा बघून आलो. तुझं जहाज आता भर समुद्रात असेल. वायरलेस लागत नाही, मग हे पत्र तरी कुठं टाकू?

निघताना बावट्याकडे बघून हसलास. "दादा, मालक म्हणतात, तुझी यंत्रं भंगारात घाल!"

मी गप्प बसलो. तू माझ्या पाऱ्यावरच विश्वास ठेवावास, हा माझा हट्ट. तोंड उघडायला हवं होतं.

त्याच्या तासभर आधी, खलाशी यायच्या आत, तुझा मालक माझ्याकडे आला होता. "जहाज सुटेपर्यंत बावटा खाली घे," म्हणाला. मी नाही म्हणालो. दोन लाख देत होता.

तुझा,
दादा