ड्रायव्हर तुंगचे मार्क

२ नोव्हेंबर, रविवार
पुढच्या रविवारी व्हिएतनाम. टूर कंपनीचा कागद आज नीट वाचला. गाइड आणि ड्रायव्हरसाठी माणशी रोज पाच डॉलर टिप. कम्पलसरी. टिप, आणि कम्पलसरी? एकतीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलं, माल बघितल्याशिवाय एक सही केली नाही.

संध्याकाळी समोरच्या परेशभाईंकडे मीटिंग घेतली. शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगमधले आठ जण चाललोय. माझा प्रस्ताव: सगळ्यांची टिप माझ्याकडे जमा. दोघांना रोज मार्क. शेवटच्या दिवशी मार्कांप्रमाणे पैसे. एकमताने मंजूर. परेशभाई मोबाइल बघत होते, पण मान हलली.

सुगंधा म्हणाली, अहो, द्यायचं तर हसून द्या, माणसाला नाचवता कशाला? तिचा परदेश प्रवास पहिलाच. माझाही पहिलाच, पण मी वाचलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार, हनोई
गाइड लिन, पंचविशीतली. इंग्लिश चांगलं. ८/१०. ड्रायव्हर तुंग, पन्नाशी उलटलेला, इंग्लिश शून्य, हसत नाही. ५/१०. टिपचं पाकीट शर्टाच्या खिशात, दिसेल असं ठेवलंय. माणूस अलर्ट राहतो.

सुगंधाने तुंगला घरचा बेसनाचा लाडू दिला. त्याने खाल्ला नाही, रुमालात बांधून ठेवला. एक मार्क कट. लिन म्हणाली, घरी नातीला नेणार आहे तो. मार्क कटच ठेवला. एकदा सूट दिली की संपलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार, संध्या. ७
वाईट दिवस. पण परिस्थिती हाताबाहेर जाऊ दिली नाही.

डोंगरावरचं देऊळ बघायचं होतं. साडेचारशे पायऱ्या. सुगंधा म्हणाली, गुडघा दुखतोय, मी खाली बसते. मी म्हटलं, पैसे भरलेत, सगळं बघायचं. चढली. उतरताना पाय सटकला, घोटा वाकडा झाला. खूप ओरडली. मी ताबडतोब व्यवस्था बघायला खाली निघालो. वाटेत तुंग वर धावत येताना दिसला. त्याला दिशा दाखवली. तो तिला पाठीवर घेऊन खाली आला, रबरी चपलांवर.

लिन आणि तुंग तिला हॉस्पिटलला घेऊन गेले. मी जाणारच होतो. पण दुपारची बोट राइड बुक होती, नॉन-रिफंडेबल. धक्का जवळच, चालत जाण्यासारखा. सुगंधाला विचारलं, जाऊ ना? तिने मान फिरवली. म्हणजे हरकत नव्हती.

बोटीत परेशभाईंच्या हेमालीबेन म्हणाल्या, भाभी के पास कौन है? मी सांगितलं, सब अरेंज किया है. त्या उठून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. बोट लागत असेल.

परत न्यायला व्हॅन दोन तास उशिरा. तुंगला आज चांगल्या मार्कांचा प्रश्नच नाही. टाइम: शून्य. तो हॉस्पिटलमध्ये होता हे मान्य. पण घड्याळ ते घड्याळ.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
घोटा दोन ठिकाणी मोडलाय. कच्चं प्लास्टर. ऑपरेशन घरी जाऊन करायचं.

सुगंधा म्हणाली, काल तो ड्रायव्हर बाहेर बाकावर बसून होता. भाताची पेज आणून दिली, लिनने चमच्याने भरवली. पेज इन्शुरन्समध्ये येत नाही, म्हणजे त्याने स्वतःच्या खिशातून आणली. न विचारता खर्च. त्याला काही दिलंत का, तिने विचारलं. शनिवारी देणार, म्हटलं. ती म्हणाली, आत्ता द्या. मी सिस्टम समजावली. तिने डोळे मिटले. औषधाने झोप येते.

१५ नोव्हेंबर, शनिवार, हनोई एअरपोर्ट
हिशोब पूर्ण. तुंग: अडतीस टक्के. तेवढी टिप पाकिटात घातली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, वाकला, उघडून बघितलं नाही. म्हणजे समाधानी. उरलेले पैसे माझ्याकडे ठेवलेत, परत वाटायला सुट्टे नाहीत.

फीडबॅक फॉर्म भरला. मुद्देसूद. "ड्रायव्हर ड्यूटी सोडून गेला. ग्रुप दोन तास ताटकळला." लिनने वाचलं. म्हणाली, सर, तो तुमच्या मिसेसबरोबर होता, प्लीज हे लिहू नका. मी म्हटलं, यात एक शब्द खोटा असेल तर दाखव. तिने फॉर्म घडी करून फाइलमध्ये ठेवला.

सुगंधा व्हीलचेअरवर. तुंगला तिने हात जोडले. तो पहिल्यांदाच हसला. आज हसून काय उपयोग, मार्क बंद झाले होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार
परवा ऑपरेशन झालं. प्लेट टाकली. विरारहून रीमा आलीय. मुलगी जवळ असली की बरं. मलाही सुट्टी.

सुगंधाने रीमाकडून लिनला मेसेज करवला, तुंगला आमचे आभार सांग. तासाभरात उत्तर. रीमाने मोठ्याने वाचलं: तुंगला कंपनीने कामावरून काढलं. कम्प्लेंट आली होती. तो विचारतोय, ताईंचा पाय कसा आहे?

सुगंधाने विचारलं, कसली कम्प्लेंट? कम्प्लेंट नाही, फीडबॅक, मी म्हटलं. पाकिटात किती होते? टक्केवारी सांगितली. उरलेले? सांगितलं. रीमा म्हणाली, पप्पा, तुम्ही बाहेर जा जरा. माझ्याच घरात. गेलो, कारण भाजी आणायचीच होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ठरवलं. कंपनीला मेल लिहून फीडबॅक मागे घ्यायचा. मनाचा मोठेपणा. दुपारभर लिहिला. "गैरसमज" शब्द घातला, मग काढला. गैरसमज कोणाचा, हा प्रश्न येतो. ड्राफ्टमध्ये ठेवलाय. सोमवारी ऑफिस टाइममध्ये पाठवलेला बरा.

त्याने तिला उतरवून आणलं तेव्हा मी व्हॅनजवळ उभा होतो. तिथे सावली होती. वर जाता आलं असतं का? दोघे जण एका पायरीवर मावत नाहीत. मावतात बहुतेक.

ब्लड प्रेशरची गोळी सकाळी राहिली होती. आत्ता घेतली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
मेल पाठवणार तेवढ्यात कळलं, रीमाने लिनमार्फत तुंगला स्वतःचे पैसे पाठवले, आणि कंपनीलाही लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं: ग्राहकाची लेखी तक्रार आहे, त्यांनीच मागे घ्यावी लागेल. आता मुलीने लिहिल्यावर बापाने वेगळं लिहिणं बरं दिसत नाही. ड्राफ्ट डिलीट.

सुगंधा डोंगरी गावात बहिणीकडे, सत्यवतीकडे, चाललीय. तिथे तळमजला, पायाला सोयीचं. आमच्याकडे लिफ्ट आहे, पण लिफ्टचा भरवसा नाही. रीमाने बॅग भरली. बरीच मोठी. मी म्हटलं, चार दिवसांना एवढे कपडे? दोघींनीही ऐकलं नाही बहुतेक. रिक्षात बसताना मी हात पुढे केला. तिने वॉचमनचा धरला. तो उजव्या बाजूला होता.

३० नोव्हेंबर, रविवार
फोन केला. रीमाने उचलला. आई जेवतेय. चार वाजता केला. आई जेवतेय. भूक लागतेय म्हणजे सुधारतेय.

खिचडी खाली लागली. पातेलं हलकं आहे.

७ डिसेंबर, रविवार
बसने डोंगरीला गेलो. डझनभर केळी नेली. सत्यवती दारातच उभी राहिली. म्हणाली, निजली हाय ती, भावोजी, आता उठवत न्हाय मी. मी म्हटलं, थांबतो. ओट्यावर बसलो. तिने पाणी आणून दिलं. दोन तास बसलो.

आतून वॉकरचा आवाज येत होता. दाराच्या अगदी जवळ यायचा, थांबायचा, परत लांब जायचा. चार-पाच वेळा.

त्या घरात दुसरंही कोणी वॉकर वापरत असेल. विचारायचं राहिलं. पाचच्या बसने परत आलो.