बारा पाट्या आणि एक शिरोरेघ

वर्धा, वैशाख शुद्ध दशमी, शके १८७९

तीर्थस्वरूप अण्णाजींच्या सेवेसी धाकटा मेहुणा श्रीधर याचा नमस्कार, आठही अंगांसह.

येथे सर्व क्षेम आहे. क्षेम नाही ते एकट्या उष्णतामापकाचे. ते एकशे चौदाच्या खाली उतरावयास तयार नाही. आपल्या गुडघ्याचे कसे आहे? माणिकताईने मागील पत्रात "बरा आहे" एवढेच कळविले; कोणता गुडघा, आणि पूर्वीपेक्षा बरा की दुसऱ्या गुडघ्यापेक्षा, याचा खुलासा नाही. (ताईच्या लेखनात नेमकेपणा कधीच नव्हता. तिला हे सांगू नये.) आपण मद्रासहून रवाना केलेले खोके पोचले, आतील पाट्या कामी लागल्या, आणि आपला मेहुणा आज वर्ध्यात मान ताठ ठेवून फिरतो आहे. हे कसे घडले ते कळण्याचा पहिला अधिकार खोके बांधणाराचा आहे.

घरच्या घरी ध्वनिवर्धक बांधण्याचे वेड येथील काही मंडळींस लागले, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यांत पदार्थविज्ञान शिकलेला मी एकटा. उत्साह मात्र सर्वांस आहे. व्हॉल्व्ह (रेडिओत तापून लाल होतात ते), ट्रान्सफॉर्मर, वायरी नागपुरास मिळतात. मिळत नाही ती पाटी, म्हणजे ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर नेमक्या अंतरावर भोके पाडून हे सारे बसवावयाचे, तो फलक. येथे त्यासाठी वनस्पती तुपाचा डबा उलगडून ठोकतात आणि खिळ्याने भोके पाडतात. (अशा यंत्रातून वक्ता कोणीही बोलो, आवाज डब्याचाच येतो.) मद्रासचा आपल्या ओळखीचा कारखाना बारांपेक्षा कमी पाट्या कापीत नाही, असे आपण कळविताच मी बारा जणांचा संघ उभा केला. हे वाक्य लिहावयास अर्धी ओळ लागली. प्रत्यक्षात दीड महिना लागला, कारण प्रत्येकास पाटी आपल्या मनाजोगती हवी होती. अल्लीपूरचे वासुदेवराव (कपाशी उत्तम, शुद्धलेखन शून्य) मला म्हणाले, "मास्तर, माह्या पाटीले दोन भोकं जास्तीचे टाकजा. पुढंमागं कामी येतीन." भोके पुढेमागे कामी येत नसतात, हे त्यांना पटवून देण्यात एक अख्खा रविवार गेला.

त्यातच वाचनालयाचा वर्धापनदिन अक्षय्य तृतीयेस येऊन ठेपला. दरवर्षी तेथे बंडूजींचा भाड्याचा भोंगा लागतो. बंडूजींस व्हॉल्व्ह म्हणजे 'काचेचा बल्ब' एवढेच ज्ञान, पण दुकानावर नाव मोठे. मी कार्यकारिणीच्या सभेत उभा राहून जाहीर केले की यंदा आमच्या संघाचे यंत्र बोलेल; न बोलल्यास मी संघ विसर्जित करीन आणि बंडूजींच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्यांना 'गुरुजी' म्हणेन. त्यावर बंडूजी म्हणाले, "मास्तर, पायरी झाडून ठेवतो." सभा हसली. (सभा कशालाही हसते.)

आता रेखाटनाविषयी. ते मी मूळ मापात काढले, म्हणजे आकड्यांचे कामच उरले नाही. कारागिरास आपल्यामार्फत तमिळमधून एकच सूचना दिली: जेथे सरळ रेघ तेथे काप, जेथे वर्तुळ तेथे भोक. (सूचना थोड्या तर चुका थोड्या, हे मी विद्यार्थ्यांस नित्य सांगतो.) इंग्रजीचे एक अक्षर कागदावर येऊ दिले नाही. व्हॉल्व्हांच्या रांगेमागे मात्र मी सुवाच्य देवनागरीत 'ध्वनिवर्धक, वर्धा' असे लिहिले. शिरोरेघ रूळ लावून जाड टाकाने ओढली आणि अक्षरे तिच्याखाली बारीक टाकाने टांगली. 'ध'चे डोके मोकळे असते. त्यावर रेघ गेली की त्याचा 'घ' होतो. हल्ली हे पदवीधरांसही ठाऊक नसते. मी प्रत्येक 'ध'शी रेघ तोडली.

खोके कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी आले. सर्व मंडळी माझ्या ओसरीवर जमली. भोके पाहून मला गहिवरून आले, इतकी ती अचूक होती. परंतु प्रत्येक पाटीवर, व्हॉल्व्हांच्या मागे, पत्रा आरपार चिरलेला! एक नव्हे, बाराही. वासुदेवरावांनी आपली पाटी उजेडात धरली. "मास्तर, हे काऊन चिरून ठेवलं? आपुन पाटी मांगवली का पोस्टाची पेटी?" कोर्टातले कारकून रामाजी दुसऱ्या बाजूने फटीला डोळा लावून बोलले, "मले तं मास्तर दिसून राह्यले. घाम फुटला त्याईले." कोणी म्हणाले परत पाठवा, कोणी म्हणाले पायरी झाडलेलीच आहे.

मी सर्वांस गप्प बसविले आणि फटीचे निरीक्षण केले. ती सलग नव्हती. तीन ठिकाणी पत्रा जोडलेला होता. दोन ठिकाणी 'ध' (पहिला 'ध' आरंभीचाच, रेघ त्याच्या पुढे सुरू होते), एके ठिकाणी दोन शब्दांमधील अंतर. अण्णाजी, ती माझी शिरोरेघ होती! कारागिरास देवनागरी येत नाही. त्याने सरळ रेघ पाहिली आणि कापली. अक्षरांची पोटे आणि शेपट्या धड सरळ नाहीत, धड वर्तुळ नाहीत, म्हणून नक्षी समजून सोडून दिल्या. त्याच्या आज्ञापालनात बोट ठेवावयास जागा नाही. (असा एक तरी विद्यार्थी मला लाभता!) मी मंडळींकडे वळून शांतपणे म्हणालो, "ती हवेसाठी आहे."

"असं का? मंग ठीक आहे," असे म्हणून वासुदेवराव पाटी काखोटीस मारून अल्लीपुरास गेले, आणि चार दिवसांत कडुनिंबाच्या पेटीत यंत्र बांधून बैलगाडीने घेऊन आले. माझे यंत्र झाले नव्हते. मी वायरींच्या जोडांचा प्रत्येक डाग तीन वेळा उकलून पुन्हा देत होतो; अजूनही देतो आहे.

कार्यकारिणी भित्री. तिने आधी बंडूजींचे यंत्र लावले आणि आमचे 'लागले तर' म्हणून टेबलाखाली ठेवले. दुपारचे साडेचार, मांडवाचे कापड तापलेले. पाहुणे वक्ते उभे राहिले आणि बरोबर अठराव्या मिनिटास (माझ्या घड्याळाने) बंडूजींच्या भोंग्याने उचकी दिली, मग दुसरी, मग तो मुका झाला. पेटीस हात लाववेना. बंडूजी टोपीने तिला वारा घालू लागले. मी वासुदेवरावांस खूण केली, वायर जोडली, आणि आमचे यंत्र बोलू लागले! ते पावणेतीन तास बोलले. व्याख्यान झाले, आभार झाले, आभार मानणाराचे आभार झाले, तरी आवाजात कंप नाही. मी फटीवर हात धरून पाहिला: व्हॉल्व्हांची सारी धग शिरोरेघेतून चुलीच्या झोतासारखी बाहेर पडत होती. 'ध'शी जोडलेला पत्रा ट्रान्सफॉर्मरचे वजन पेलून होता. रेघ सलग असती तर पाटी अल्लीपूरच्या गाडीवाटेवरच दुमडली असती. थोडक्यात, शुद्धलेखनाने यंत्र तारले. त्याच ध्वनिवर्धकावरून मी वायुवीजनाच्या तत्त्वावर वीस मिनिटे बोललो. (लोक उठत होते, पण कार्यक्रम संपला असे समजून.) शेवटी बंडूजी जवळ आले, फटीत वाकून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, माह्यासाठी बी एक मांगवजा. पण फटवाली."

गुरुजी! सर्वांसमक्ष, आणि पायरीवाचून.

आपला लोभ आहेच. तो सलग असावा, मध्ये 'ध' नसावा.

आपला
श्रीधर नरहर हरकरे

ता. क. १ – दुसऱ्या खेपेस तीस पाट्या हव्या आहेत. हिंगणी आणि सिंदी मेघे येथूनही नावे आली आहेत. कारागीर तोच असावा, आणि त्यास कृपा करून देवनागरी शिकवू नये.

ता. क. २ – शुद्धिपत्र. टपालात पडण्यापूर्वी हे पत्र सौ. इंदिरेने वाचले. तिच्या आग्रहावरून कळवितो की रेखाटनावरील अक्षरांच्या संबंधात वर 'लिहिले' असे आहे तेथे 'लिहवून घेतले', आणि 'ओढली' तेथे 'ओढवून घेतली' असे वाचावे. 'रेघ तोडली' याऐवजी 'रेघ तोडू नये असे सुचविले' असे वाचावे. सलग रेघ दिसावयास बरी, असे माझे त्या वेळी मत होते. "मग ते 'घ्वनिवर्घक' होईल. हवं तर तुम्हीच लिहा," असे ती म्हणाली, आणि मला वर्गावर जावयास उशीर होत होता.

ता. क. ३ – नव्या रेखाटनावर तीच अक्षरे हवीत, आणि ती वर्ध्याच्या उन्हात लिहावयास तिची तयारी नाही. समुद्राचा वारा लागेल अशा खिडकीशी, आपल्या घरी बसून लिहीन, म्हणते. तरी आम्ही मंगळवारी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने निघत आहो. खाटा दोन लागतील. किती दिवस, असे मी तिला विचारले. ती रोज एक अक्षर लिहिणार आहे. अक्षरे सात आहेत. स्वल्पविराम धरून आठ दिवस.