चमचाभर तेलातले बटाटे

गुरुवार, दिवेलागणीची वेळ. मुक्काम पूर्णा.

आज यांच्यासाठी पहिल्यांदाच कमी तेलातले बटाटे केले. सालीसकट लांब फोडी करून पाण्यात ठेवल्या, फडक्याने कोरड्या पुसल्या, चमचाभर तेल आणि तिखट चोळून लेकीने दिलेल्या एअर फ्रायरमध्ये लावल्या. कडा छान लाल झाल्या. डॉक्टरांनी बजावलंय म्हणून मीठ नावालाच घातलं.

ताटली समोर ठेवली आणि मी तिथंच उभी राहिले. जन्मभर स्टेशनबाहेर गाड्यावर वेफर्स तळलेला हा माणूस. नुसत्या तेलाच्या आवाजावरून घाणा काढायचे. माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थात मीठ बरोबर पडलंय असं यांनी पूर्वी कधी कबूल केलं नाही. आता मात्र गुमान खात होते.

"मीठ कमी हाय ना?" मीच विचारलं.

"न्हाई. बराबर हाय."

बराबर? इतकं अळणी, आणि बराबर? हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून हे असंच चाललंय. पुढ्यात ठेवीन ते चांगलं. नावं ठेवतील म्हणून मी वाट बघतेय, आणि हे साधं मिठावरूनसुद्धा...

शेवटी न राहवून मी म्हटलं, "अवो, जरा भांडा की माझ्यासंग! पहिल्यासारखं."

हे हसले. "भांडायला दम लागतो गं. आता न्हाई राहिला तेवढा."

रिकामी ताटली घेऊन मी आत आले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.