बन्सीकाकांची ओळ

३ जून
नोकरी लागली! खोली मुकुंदवाडीत, कारखाना चिकलठाण्यात, रिक्षानं दहा मिनिटं. इथं बाटल्यांची झाकणं पाडणारं यंत्र एका जुनाट डॉसच्या संगणकावर चालतं. आजचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, त्या म्हाताऱ्यावर बसवायचा. मेमरी जेमतेम ६४० केबी! जमलं तर कायम करू, असं शिवराज सर म्हणाले. दारावर माझ्या नावाची पाटीही लागली, ‘                ’. दोनदा जाऊन बघून आले.

११ जून
नुसती फजिती. दर वेळी मेमरी संपते. आज कपाटात फ्लॉपींचा डबा सापडला, बन्सीकाकांचा. ते इथले आधीचे तंत्रज्ञ, मागच्या वर्षी वारले; त्यांनी हेच काम पाच वर्षं खपून जवळजवळ संपवलं होतं. कंपायलरचे तुकडे करायचे आणि लागेल तेवढाच तुकडा मेमरीत घ्यायचा. किती साधं! मला हे सुचलं नाही.

१४ जून
चालला! खरं तर थोडंसंच माझं, बाकी काकांचं. त्यांच्या कंपायलरमधून निघालेला प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना आधी त्यांचं नाव दाखवायचा. ती ओळ मी खोडली. जागा वाचेल, असं मनाला सांगितलं. वीस बाईट वाचले. सरांना म्हटलं, सगळं मीच केलं. पेढेही वाटले.

१७ जून
काकांच्या पत्नी भागूबाई पिशोरहून आल्या, भुईमुगाच्या शेंगा घेऊन. म्हणाल्या, “ह्यांचं काम लागलं व्हय कामाला? लई जीव होता त्यांचा त्याच्यात.” मी सांगितलं, काहीच सापडलं नाही. त्या शेंगा ठेवून गेल्या. मला माझीच लाज वाटली. तरी शेंगा खाल्ल्या.

१९ जून
सकाळी यंत्र सुरू केलं तर पडद्यावर नाव आलं. काकांचं नाही, माझं. मी अशी ओळ लिहिलीच नव्हती. डोळ्यांदेखत शेवटचं अक्षर पुसलं गेलं. मग त्याच्या आधीचं.

२० जून
दारावरची पाटी कोरी. हजेरीपटात माझी ओळ रिकामी. शिवराज सरांनी विचारलं, कोण पाहिजे?

२१ जून
काकांची ओळ परत घातली. टिकत नाही — कंपायलर नाव गाळतो, मी शिकवलं तसं. आईला फोन केला. राँग नंबर, म्हणाली —

२२ जून
पिशोरला जाऊन आले. भागूबाईंचे पाय धरले, सगळं कबूल केलं — मान वर करवेना. त्यांनी ऐकून घेतलं. मग मायेनं विचारलं, कुणाची गं तू? तोंड उघडलं, पण —

माझं नाव ३ जूनच्या पानावर लिहिलंय. बघून लिहिते —

तिथं कोरी जागा आहे.

काका, मी चुकले. मी —